माणसांची मोजदाद आणि जमिनीवरच्या रेषा

हिंदी महासागरातला मॉरिशस हा देश जेमतेम २,०४० चौरस किलोमीटरचा. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आत. राष्ट्रध्वज, संसद, चलन, संयुक्त राष्ट्रांत स्वतःची खुर्ची, असं सगळं त्याच्याकडे आहे. आता आपल्या लातूर जिल्ह्याकडे बघू. क्षेत्रफळ ७,१५७ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या २४,५४,१९६. माणसांच्या हिशेबाने लातूर जिल्हा मॉरिशसच्या दुप्पट भरतो, जमिनीच्या हिशेबाने साडेतीन पट. याच जिल्ह्यातलं आपलं चाकूर विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण साडेअठरा अंशांवर, मॉरिशस दक्षिणेला वीस अंशांवर. दोघेही उष्ण कटिबंधातले, दोघांकडेही उसाची शेती आहे आणि दोन्हीकडे गणपती बसतो. कोकणातून मजूर म्हणून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज तिथे आजही आहेत आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सरकारी सुट्टी असते.

मॉरिशसच्या मुख्य बेटाचे नऊ जिल्हे आहेत. सरासरी काढली तर एका जिल्ह्याच्या वाट्याला सव्वा ते दीड लाख माणसं येतात. चाकूर तालुक्याची लोकसंख्या २०११ मध्येच पावणेदोन लाखांच्या आसपास होती. म्हणजे आपण ज्याला एक तालुका म्हणतो, तो तिथल्या सरासरी जिल्ह्यापेक्षा मोठा आहे. छोट्या देशाचा अभ्यास करताना आपण त्याची लोकसंख्या किती, विभाग किती, ते कसे पडले हे बारकाईने वाचतो. तोच बारकावा स्वतःच्या तालुक्याला लावायला हवा. कारण माणसं किती आणि हद्द कुठली, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर आपल्याकडचं रेशन, दवाखाना, पीकविमा, ग्रामपंचायतीचा निधी आणि प्रतिनिधित्व ठरतं.

एकाच गावाचे बदलते पत्ते

चाकूरमधलं घर जागचं हलत नाही, पण त्याचा पत्ता गेल्या शंभर वर्षांत पुन्हा पुन्हा बदलला. लोकसभेचे माजी अध्यक्ष शिवराज पाटील चाकूरकर यांचा जन्म १९३५ साली याच गावचा. तेव्हा हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि चाकूर ज्यात मोडायचं तो अहमदपूर भाग बीदर जिल्ह्याला जोडलेला होता. संस्थानात जिल्हे आणि तालुके यांची घडी निजामाचा दिवाण पहिला सालारजंग याने १८६५ च्या सुमारास बसवली. जिल्हाबंदी म्हणतात ती हीच. तरी सगळा मुलूख सरळ सरकारी नव्हता. दिवाणी, जहागिरी, पायगा, निजामाची खासगी मालमत्ता असलेला सर्फ-ए-खास असे निरनिराळे अंमल शेजारी शेजारी चालत. दोन शेजारी गावांचे कायदे, वसुली आणि अधिकारी वेगळे असू शकत. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं, पुढच्या वर्षी जहागिरी गेल्या आणि तेव्हा कुठे एका जिल्ह्यात एकच कारभार सुरू झाला.

मोठी उलथापालथ १ नोव्हेंबर १९५६ ला झाली. राज्य पुनर्रचनेत हैदराबाद राज्याची भाषेप्रमाणे तीन वाटण्या झाल्या आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. बीदर जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, पण त्याचे अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तीन तालुके मराठी म्हणून इकडे आले आणि उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले. नांदेडच्या बाजूला तर रेषा तालुक्याच्याही आत शिरली. देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळं आंध्रात गेली. मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळंही तिकडेच गेली. उलट आदिलाबाद जिल्ह्यातून किनवट आणि राजुरा हे तालुके आणि इस्लापूर मंडळ इकडे आलं. राजुरा पुढे चंद्रपूरला जोडला गेला. आजही देगलूर-बिलोली-धर्माबाद पट्ट्यात रेषेच्या दोन्ही बाजूंना सोयरीक आहे, बाजार एक आहे आणि घरात मराठी-तेलुगू दोन्ही बोलल्या जातात. जनगणनेतल्या भाषेच्या रकान्यात मात्र एका माणसाची एकच मातृभाषा लिहिली जाते.

१ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा राज्यात २६ जिल्हे होते. आज ३६ आहेत. या वाढीत लातूरचा नंबर १९८२ च्या ऑगस्टमध्ये लागला. उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, विभागून लातूर जिल्हा झाला. बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाई तालुक्यातला रेणापूरचा भागही त्याला जोडला. पुढे १९९२ मध्ये चाकूर स्वतंत्र तालुका झाला. १९९९ मध्ये रेणापूर, देवणी, जळकोट आणि शिरूर अनंतपाळ हे तालुके झाले. लातूर, औसा, निलंगा, उदगीर आणि अहमदपूर धरून आज जिल्ह्याचे दहा तालुके होतात. म्हणजे चाकूरमध्ये १९३५ साली जन्मलेल्या माणसाने गाव न सोडताही संस्थान, हैदराबाद राज्य, मुंबई राज्य आणि महाराष्ट्र असे चार कारभार पाहिले. जिल्हे तीन झाले आणि शेवटी तालुकाही बदलला.

या बदलांचा फायदा कागदावर मोजता येत नाही, पण तो खरा आहे. चाकूरच्या शेतकऱ्याला फेरफाराच्या तारखेसाठी, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी, रेशनकार्डात सुनेचं नाव घालण्यासाठी पूर्वी पंचवीसेक किलोमीटरवर अहमदपूर गाठावं लागे. साहेब रजेवर असले की एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं दोन्ही बुडालं. तहसील गावात आली आणि तेच काम सकाळी जाऊन दुपारच्या आत शेतात परतण्याइतकं जवळ आलं. विभाग पाडण्याचा खरा हेतू हाच. कार्यालयापर्यंतचं अंतर माणसाच्या दिवसात बसलं पाहिजे.

गाव ते विभाग: कोणती रेषा कशासाठी

महसुलाची उतरंड खालून अशी आहे. सर्वांत खाली महसुली गाव. एक किंवा अधिक गावं मिळून तलाठी सज्जा. काही सज्जे मिळून महसूल मंडळ आणि त्यावर मंडळ अधिकारी. मंडळांचा तालुका, त्यावर तहसीलदार. दोन-तीन तालुक्यांचा उपविभाग, त्यावर उपविभागीय अधिकारी, ज्यांना लोक अजूनही प्रांत म्हणतात. मग जिल्हाधिकारी आणि सर्वांत वर विभागीय आयुक्त. मराठवाड्याचे आठही जिल्हे छत्रपती संभाजीनगरच्या एकाच आयुक्तालयाखाली आहेत. २०११ मध्ये या विभागाची लोकसंख्या सुमारे १ कोटी ८७ लाख होती. दुसरं आयुक्तालय लातूरला की नांदेडला, हा वाद त्यामुळेच इतकी वर्षं धगधगतो आहे.

याच जमिनीवर इतर खात्यांच्या रेषा वेगळ्या पडतात. जिल्हा परिषदेचे गट आणि पंचायत समितीचे गण वेगळे. पोलीस ठाण्याची हद्द वेगळी. महावितरणचा उपविभाग वेगळा. विधानसभेला चाकूर तालुका अहमदपूर मतदारसंघात मतदान करतो. लोकसभेची रेषा तर जिल्ह्यालाही जुमानत नाही. नांदेड जिल्ह्यातला लोहा विधानसभा मतदारसंघ लातूर लोकसभेत आहे आणि लातूर जिल्ह्यातला औसा धाराशिव लोकसभेत. ही रचना २००८ च्या पुनर्रचनेत झाली. तिला २००१ च्या जनगणनेचे आकडे वापरले होते, कारण मतदारसंघांत माणसांची संख्या शक्यतो सारखी ठेवायची असते. लातूरची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव झाली, तीही त्याच पुनर्रचनेत. म्हणजे २००१ साली घरोघरी फिरलेल्या प्रगणकाने लिहिलेल्या नोंदींवर आपण आजपर्यंत खासदार निवडतो आहोत.

सामान्य शेतकऱ्याच्या खिशाला सर्वांत जास्त जाणवणारी रेषा मात्र महसूल मंडळाची. चोवीस तासांत एखाद्या मंडळात ६५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस नोंदला गेला की ती अतिवृष्टी धरली जाते. नोंद मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राची. मराठवाड्यातला पाऊस पट्ट्यापट्ट्याने पडतो. चाकूर तालुक्यातच नळेगावकडे ओढ्यांना पूर आणि वडवळकडे नुसता शिडकावा, हे आपण दरसाल पाहतो. समजा, मंडळाच्या एका टोकाला शेत आहे आणि केंद्र दुसऱ्या टोकाला. शेतात सोयाबीन पाण्यात उभं आहे आणि केंद्रावर ६० मिलिमीटरची नोंद आहे. कागदावर त्या मंडळात अतिवृष्टी झालेलीच नाही. मग पंचनाम्यासाठी धावपळ, अर्ज, निवेदन हे सगळं सुरू होतं.

पीकविम्याचंही तसंच. सोयाबीनसारख्या प्रमुख पिकाचं सरासरी उत्पादन पीक कापणी प्रयोगांवरून मंडळाच्या पातळीवर काढतात. गाव, मग गट नंबर, मग शेतातली जागा यादृच्छिक पद्धतीने ठरते. खुंट्या ठोकून आणि दोरी बांधून ठरावीक मापाचा चौकोन आखतात. त्यातलं पीक कापून, मळून, वारवून शेतकऱ्यासमोर वजन करतात. अशा मोजक्या चौकोनांतून आलेली सरासरी मंडळातल्या हजारो हेक्टरांना लागू होते. मंडळ जितकं मोठं, तितकी ही सरासरी प्रत्यक्ष शेतापासून लांब जाते. म्हणून नव्या जिल्ह्याच्या मागणीइतकंच महत्त्व मंडळांच्या फेररचनेला दिलं पाहिजे. उदगीर जिल्हा व्हावा, किनवट जिल्हा व्हावा या मागण्या जुन्या आहेत आणि त्यांच्यामागे कारणही आहे. किनवटच्या माणसाला जिल्ह्याचं ठिकाण शंभर किलोमीटरहून जास्त लांब पडतं. पण जिल्हा होणं ही कित्येक वर्षांनी होणारी, भरपूर खर्चाची गोष्ट. मंडळ लहान करणं, सज्जा जवळ आणणं, गावाला सोयीच्या तालुक्याला जोडणं यांतून दिलासा लवकर मिळतो आणि तो थेट शेतापर्यंत पोचतो.

आकडा कुठे कुठे लागतो

लातूर जिल्ह्याची लोकसंख्या १९९१ मध्ये १६,७६,६४१ होती. २००१ मध्ये २०,८०,२८५ आणि २०११ मध्ये २४,५४,१९६. नांदेड जिल्हा २००१ मध्ये २८,७६,२५९ होता, २०११ मध्ये ३३,६१,२९२. लातूरची वाढ पहिल्या दशकात २४ टक्के आणि दुसऱ्या दशकात १८ टक्के, म्हणजे वेग उतरतो आहे. मुलं कमी होत आहेत हे एक कारण. शिक्षण आणि कामासाठी पुण्या-मुंबईकडे, हैदराबादकडे निघून जाणं हे दुसरं. २०११ मध्ये लातूर जिल्ह्यातले चारांतले तीन लोक अजून खेड्यात राहत होते आणि दर चौरस किलोमीटरला ३४३ माणसं होती. मॉरिशसमध्ये हा आकडा सहाशेच्या घरात आहे.

२०११ चा हा आकडा आज कितीतरी ठिकाणी वापरात आहे. ग्रामपंचायतीचे सदस्य किती, हे लोकसंख्या ठरवते. दीड हजारापर्यंत ७ सदस्य, तीन हजारांपर्यंत ९ आणि असं वाढत साडेसात हजारांच्या वर १७. वित्त आयोगाचा निधी गावाला मुख्यतः लोकसंख्येप्रमाणे मिळतो. ग्रामीण भागात साधारण हजार लोकांमागे एक आशाताई, पाच हजारांमागे उपकेंद्र, तीस हजारांमागे प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. रेशनचं तर विचारूच नका. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली महाराष्ट्रातल्या लाभार्थींची मर्यादा सात कोटींच्या थोडी वर ठरली, ती २०११ च्या लोकसंख्येवरून. तहसीलमध्ये रेशनसाठी नव्याने अर्ज करणाऱ्याला ‘इष्टांक शिल्लक नाही’ असं उत्तर मिळतं त्यामागे हेच कारण आहे. २०११ नंतर जन्मलेलं मूल आता दहावीच्या उंबरठ्यावर आहे आणि त्याच्या वाटणीचं धान्य ज्या आकड्यावर ठरतं, त्या आकड्यात ते नाही.

भारतात १८८१ पासून दर दहा वर्षांनी शिरगणती होत आली. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने देशाची लोकसंख्या घटली, तेही १९२१ च्या गणतीतून कळलं. दुसऱ्या महायुद्धातही १९४१ ची मोजणी झाली. २०२१ ची मात्र कोविडमुळे पुढे गेली. मॉरिशसची गणतीही त्याच साथीमुळे लांबली, पण त्यांनी ती २०२२ मध्ये उरकली. लोकसंख्या २०११ पासून जवळजवळ वाढलीच नाही, हे त्यांना कळलं. शाळा किती ठेवायच्या, म्हाताऱ्या माणसांसाठी काय सोय करायची, याचा विचार आता ताज्या आकड्यांवर होऊ शकतो. आपल्याकडे जून २०२५ मध्ये अधिसूचना निघाली. गणतीचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ आहे. आधी २०२६ मध्ये घरयादी, मग माणसांची मोजणी. पहिल्यांदाच नोंदी मोबाइलवर होणार आहेत आणि स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच सगळ्यांच्या जातींची नोंद होणार आहे. ३१ डिसेंबर २०२५ नंतर मोजणी पूर्ण होईपर्यंत गाव-तालुका-जिल्ह्यांच्या हद्दी बदलायच्या नाहीत, असंही ठरलं. कारण मोजणी चालू असताना रेषा हलली तर एखादी वस्ती दोनदा मोजली जाईल किंवा मुळीच नाही.

फेब्रुवारीत घराला कुलूप

मोजणी होते कशी, हे नीट समजून घेतलं पाहिजे, कारण मराठवाड्याचं नुकसान नेमकं इथे होऊ शकतं. साधारण सातशे-आठशे लोकवस्तीचा एक गट पाडून तो एका प्रगणकाला देतात. प्रगणक बहुतेक जिल्हा परिषदेचे शिक्षक असतात. २०११ मध्ये मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी अशी झाली. २८ च्या रात्री बेघरांची नोंद झाली आणि १ ते ५ मार्च दरम्यान उजळणीची फेरी झाली. नियम असा की माणूस जिथे नेहमी राहतो तिथे मोजायचा. पण मोजणीच्या संपूर्ण काळात तो घरी नसेल तर घरी मोजायचा नाही, जिथे सापडेल तिथे मोजायचा.

फेब्रुवारी म्हणजे साखर कारखान्यांचा गाळप हंगाम. अहमदपूर, जळकोट, कंधार, मुखेड या डोंगराळ, कोरडवाहू भागातली माणसं दिवाळीनंतर कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेली असतात. घरी म्हातारी माणसं आणि कुलपं. ही माणसं उसाच्या फडाशेजारच्या कोपीत मोजली गेली तर त्यांची संख्या तिथल्या तालुक्यात जमा होते. कोपीपर्यंत कोणी पोचलंच नाही तर ती कुठेच नसतात. दोन्ही परिस्थितींत त्यांच्या गावाचा आकडा घटतो. गावाला पुढची दहा वर्षं निधी, सदस्यसंख्या, आशाताई त्या घटलेल्या आकड्यावर मिळणार. ज्या गावात पोटापुरतं काम नाही म्हणून माणसं बाहेर पडतात, त्याच गावाला बाहेर पडलेल्या माणसांची शिक्षा व्हावी, हा अन्याय आहे. गणतीच्या नियमात तो बसत असला तरी नियोजनाने तो भरून काढायलाच हवा. हंगामी स्थलांतराची वेगळी नोंद ग्रामपंचायतीने ठेवली आणि निधी मागताना ती जोडली, तर हे शक्य आहे.

पुण्यात कंपनीत कामाला असलेल्या मुलाचं वेगळं. तो वर्षभर तिथे राहतो, तिथलं पाणी पितो, तिथल्या रस्त्याने जातो. त्याने तिथेच मोजलं जावं. गावाकडच्या यादीत त्याचं नाव घालून आकडा फुगवला तर फसवणूक शेवटी आपलीच होते. नसलेल्या माणसांसाठी शाळेच्या खोल्या बांधल्या जातात आणि असलेल्या म्हाताऱ्यांसाठी दवाखाना येत नाही.

आपल्या हातात काय आहे

रेषा आणि आकडे या दोन्ही गोष्टी मुंबई-दिल्लीत ठरतात, असं आपण धरून चालतो. ते अर्धंच खरं आहे. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर गावंच्या गावं जुनी जागा सोडून नव्या जागी वसली. तेव्हा कोणती जागा, कोणत्या गावाशेजारी, कोणत्या रस्त्यावर हे गावकऱ्यांनी सभा घेऊन, भांडून ठरवलं. सज्जा, मंडळ, प्रभाग यांच्या प्रारूप रचना जाहीर होतात, त्यांवर हरकती आणि सूचना मागवल्या जातात आणि मुदत असते. बहुतेक गावांतून त्या मुदतीत एकही अर्ज जात नाही. ग्रामसभेत ठराव घेऊन, अंतर आणि लोकसंख्या यांचा हिशेब जोडून अर्ज केला तर त्याची दखल घ्यावी लागते.

म्हणून चाकूर तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीने तीन कामं करावीत. आपलं गाव कोणत्या सज्ज्यात, मंडळात, गणात आणि गटात येतं याचा नकाशा कार्यालयाच्या भिंतीवर लावावा. पावसाचं केंद्र गावापासून किती लांब आहे, हे त्यावर लिहावं. आणि गणतीच्या वेळी प्रगणकासोबत गल्ली माहीत असलेला एक माणूस द्यावा, तांडा, वस्ती, शेतातलं घर, पाल असं एकही ठिकाण सुटू नये म्हणून. या तिन्ही कामांना पैसा लागत नाही. ती केली तर १ मार्च २०२७ नंतर जो आकडा छापून येईल, तो आपला असेल आणि त्याच्या जोरावर पुढची दहा वर्षं आपल्याला हक्काने मागता येईल.